समुद्र-संशोधनाचा अग्रक्रम कोण ठरवितो?

सभेत काय ठरले हे दुसऱ्या दिवशी सर्वांना कळते. पण सभेपुढे काय यावयाचे हे कोणी ठरविले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. संघटनेच्या कामात ज्यांची उमर गेली त्यांना ठाऊक असते की, निम्मा निकाल कार्यक्रमपत्रिकेतच लागलेला असतो. शास्त्रीय संशोधनाचेही असेच आहे. समुद्र अफाट, पैसा मोजका आणि संशोधनाच्या नौका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तेव्हा आधी काय शोधावयाचे आणि मागाहून काय, हे कोणाला तरी ठरवावेच लागते. आपल्या देशात ते कसकसे ठरत गेले, हे आज थोडक्यात पाहू.

आरंभ अन्नाच्या प्रश्नापासून झाला. फेब्रुवारी 1947 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, सागरी मत्स्यसंशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. बंगालच्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या, आणि समुद्रातून किती मासळी मिळू शकेल हा त्या वेळचा साधा, सरळ प्रश्न होता. यानंतरचे मोठे पाऊल मात्र बाहेरच्या प्रेरणेने पडले. 1959 ते 1965 या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. जगातील मोठ्या महासागरांपैकी हिंदी महासागराची माहिती सर्वांत तोकडी होती, म्हणून अनेक राष्ट्रांच्या सुमारे चाळीस नौका या पाण्यात उतरल्या. आपल्या नौदलाची ‘किस्तना’ ही त्यांतील एक. मुंबईला कुलाब्यात या मोहिमेचे हवामान केंद्र होते. मोसमी वाऱ्यांचे कोडे उलगडण्यासाठी तेथे आकडे गोळा होत. मोहीम संपली, परदेशी नौका परतल्या, आणि जमलेले ज्ञान वाया जाऊ नये म्हणून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. भारतीय कार्यक्रमाची धुरा वाहणारे डॉ. एन. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक. पुढे ही संस्था गोव्यात दोनापावल येथे स्थिरावली.

पण संस्था झाली म्हणून नौका होत नाही. खोल समुद्रात संशोधन करू शकेल अशी ‘गवेषणी’ 1976 साली कामाला लागली, आणि तीही मुळात गाळ वाहून नेण्याच्या नौकेचे रूप पालटून सिद्ध केलेली. गरिबाच्या घरी जुन्या लुगड्याची गोधडी होते, तसलाच हा प्रकार. त्याच वर्षी संसदेने सागरी क्षेत्रांचा कायदा केला आणि किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर, म्हणजे वीस लाख चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर, भारताने आपला आर्थिक हक्क सांगितला. हक्क सांगितला की सातबारा लागतो. समुद्राचा सातबारा म्हणजे त्याचे सर्वेक्षण.

येथून पुढे अग्रक्रम झपाट्याने बदलले. 26 जानेवारी 1981 रोजी ‘गवेषणी’ने समुद्रतळावरून धातूचे गोटे वर काढले. बटाट्याएवढ्या या गोट्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. जुलै 1981 मध्ये केंद्रात स्वतंत्र महासागर विकास विभाग निघाला. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी गोव्याहून निघून जानेवारी 1982 मध्ये अंटार्क्टिकावर उतरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महासागर धोरणाचे निवेदन संसदेपुढे आले. पाठोपाठ ‘सागर कन्या’ पश्चिम जर्मनीहून आणि ‘सागर संपदा’ डेन्मार्कहून बांधून आली.

एवढी घाई कशासाठी? उत्तर आंतरराष्ट्रीय कायद्यात आहे. 1982 साली समुद्रविषयक करार झाला, त्याच्या जोडीला एक ठराव होता. खोल समुद्रतळावर ज्या राष्ट्राने ठराविक मुदतीत किमान 3 कोटी डॉलर खर्च केले असतील, आणि त्यांतील दशांश तरी प्रत्यक्ष शोध-सर्वेक्षणावर, त्यालाच आद्य गुंतवणूकदाराचा मान. फ्रान्स, जपान, सोव्हिएत रशिया यांच्या पंक्तीला भारताचे नाव होते. ऑगस्ट 1987 मध्ये आपली नोंद झाली आणि मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळाले. पुढे त्यातील निम्मे, म्हणजे 75 हजार, आपण राखले. विकसनशील राष्ट्राने श्रीमंतांच्या मक्तेदारीत पाय रोवला, ही लहानसहान गोष्ट नव्हे. तिचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र एवढ्या वर्षांत त्या क्षेत्रातून व्यापारी उत्पादन झालेले नाही, हेही नोंदले पाहिजे.

आता दुसरी बाजू. गोव्यातील संस्था वाढत होती, त्याच काळात त्याच गोव्याच्या वाळूवर रापणकार यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध झगडत होते. किनाऱ्यालगतच्या पाण्यात ट्रॉलर तळ खरवडून नेतात, मग रापणीत काय येणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्या चळवळीच्या रेट्याने 1980 साली गोव्यात आणि 1981 साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. 1991 नंतर परदेशी भागीदारीतील मोठ्या नौकांना परवाने मिळू लागले, तेव्हा 1994 साली देशभरच्या मच्छीमारांनी बंद पाळला. मग मुरारी समिती नेमली गेली, आणि 1996 साली तिने ते परवाने रद्द करण्याचीच शिफारस केली. आपल्या समुद्रात मासळी किती आणि ती कोणी धरावी, हा प्रश्न शास्त्राचाही होता आणि पोटाचाही. पण तो ऐरणीवर आणावयास संप करावा लागला.

याहून कडू धडा 26 डिसेंबर 2004 रोजी मिळाला. सुमात्राजवळच्या भूकंपाची लाट तमिळनाडूच्या किनाऱ्याला पोहोचण्यास सुमारे दोन तास लागले. इशारा मिळाला असता तर ते दोन तास पुष्कळ होते. आपल्या देशात दहा हजारांहून अधिक माणसे गेली. प्रशांत महासागरात अशी इशारा यंत्रणा 1949 पासून होती. हिंदी महासागरात अशा लाटा क्वचित येतात, हे खरे. पण 1945 साली मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाने उठलेल्या लाटांनी मुंबईतही बळी घेतले होते. स्मृती होती, शास्त्रज्ञ होते, नौका होत्या. तो विषय तेवढा पत्रिकेवर नव्हता. ऑक्टोबर 2007 मध्ये हैदराबादला इशारा केंद्र सुरू झाले. माणसे गेल्यावर अग्रक्रम बदलला.

शास्त्र श्रमिकाच्या उपयोगी पडत नाही, असे मात्र कोणी समजू नये. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहावरून मोजून मासळी कोठे जमण्याचा संभव आहे, याची सूचना त्याच हैदराबादच्या संस्थेकडून मच्छीमारांना मिळते, आणि ती मराठीतही मिळते. शोधाशोध कमी होते, डिझेल वाचते. परंतु 2017 साली ओखी वादळ उठले तेव्हा दूरच्या पाण्यात गेलेल्या नौकांना इशारा पोहोचलाच नाही. केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार वाहत येऊन आपल्या देवगड बंदरात विसावले, कित्येक परतलेच नाहीत. वादळाचे ज्ञान दफ्तरात होते, नौकेवर नव्हते. उपग्रहावरून खोल समुद्रात संदेश पोहोचविणारे यंत्र त्यानंतर आले.

जून 2021 मध्ये केंद्र सरकारने खोल महासागर मोहिमेस मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी 4,077 कोटी रुपये. तीन माणसांना 6,000 मीटर खोल नेणारी पाणबुडी, समुद्रतळावरील खाणीचे तंत्र, हवामानबदलाचा अंदाज, खोल पाण्यातील जीवसृष्टी असे तिचे विभाग आहेत. उद्दिष्टे मोठी आहेत आणि राष्ट्राने मोठी उद्दिष्टे ठेवावीतच. माझे म्हणणे एवढेच की, या इतिहासात अग्रक्रम तीन कारणांनी बदललेले दिसतात: परकीय स्पर्धेने, चळवळीने किंवा आपत्तीने. समुद्रावर रोज उठून जाणाऱ्यांना आधी विचारून अग्रक्रम ठरल्याचे उदाहरण मला आढळले नाही. मच्छीमार, खलाशी, गोदी कामगार यांच्या संघटनांचे प्रतिनिधी नियोजनाच्या बैठकीत मतासह बसले पाहिजेत. कोळ्याला पाण्याचा रंग, वाऱ्याचा कल आणि मासळीचे घटते आकारमान आकडे छापून येण्याआधी कळते. त्याला आज बोलावले जाते ते योजना समजावून सांगण्यासाठी. ती ठरण्यापूर्वी बोलाविले, तर पुढच्या लाटेची वाट पाहावी लागणार नाही.