हजार वस्तीच्या गावातली गोळी

एरंडेल, कोयनेल आणि गंधकाचं मलम. 1917 साली चंपारणच्या खेड्यांत गांधीजींनी स्वयंसेवकांच्या हाती एवढीच औषधं दिली होती. जीभ पांढरी दिसली किंवा पोट साफ होत नसलं तर एरंडेल. ताप असला तर आधी एरंडेल, मग कोयनेल. खरूज नि फोड स्वच्छ धुऊन वर मलम. त्यापलीकडचा रुग्ण मोहिमेतल्या डॉ. देव यांच्याकडे पाठवायचा.

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. याच गावाचं नाव 1940 मध्ये सेवाग्राम झालं. पावसाळ्यात तिथे हिवताप घरोघर असे. 1936 मध्येच खुद्द गांधीजींना तो झाला आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं.

हिवतापावरचं कोयनेल तेव्हा दुर्मीळ नव्हतं. बंगालात 1892 पासून पोस्टातून पैशाला एक पुडी मिळे, पुढे इतर प्रांतांतही ही सोय झाली. पण मात्रा वाढली की कानात आवाज घुमतो, ऐकू कमी येतं, मळमळतं. पुडी विकणाऱ्या पोस्टमास्तरला हे ओळखता येईलच असं नाही, आणि घरी पुडी नेणाऱ्याला तर नाहीच.

जाणकाराविना औषध विकलं जाण्याचा हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. चिठ्ठीवाचून विकायच्या औषधांचा वेगळा वर्ग आपल्या कायद्यात नाही. मात्र 1945 च्या औषध नियमांच्या ‘के’ अनुसूचीत एक सवलत आहे: हजारापर्यंत वस्तीच्या गावात काही घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात. वर्धा जिल्ह्यात अशी गावं पुष्कळ. अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर, निलगिरीचं तेल, टिंक्चर आयोडीन अशी ती यादी. चंपारणचं एरंडेल त्यात आहे, कोयनेलच्या गोळ्याही आहेत.

त्याच यादीत हगवणीवरची आयोडोक्लोरोहायड्रॉक्सिक्विनोलीन ही गोळीही शिरली. एन्टेरोव्हायोफॉर्म या नावाने ती भारतात घरोघर ओळखीची होती. जपानमध्ये ती घेणाऱ्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या पायांतली ताकद गेली, काहींची दृष्टी गेली. 1970 मध्ये तिथे विक्री थांबली. आपल्याकडे ती पुढेही बरीच वर्षं विकली गेली. हा विलंब अक्षम्य होता, कारण हगवणीत रुग्णाला आधी हवं असतं ते मीठ-साखरेचं पाणी.

सेवाग्रामने या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. गांधीजींच्या सहवासात डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या दवाखान्यातून कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं आणि 1969 मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. तिथले डॉ. उल्हास जाजू आसपासच्या खेड्यांत गेले आणि 1980 च्या दशकात गावकऱ्यांच्या ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना आकाराला आली. सुगीला घरोघरून ज्वारी गोळा व्हायची, आणि ऐपतीप्रमाणे ज्याचा त्याचा वाटा ठरायचा. या निधीतून गावातल्याच आरोग्यसेवकाकडे किरकोळ आजारांची औषधं राहायची. अचानक आलेलं मोठं दुखणं रुग्णालयात मोफत, आणि बाळंतपणासारखा आधी ठाऊक असलेला खर्च सवलतीत. ताप-खोकल्याची गोळी द्यायची कधी आणि रुग्णाला पुढे पाठवायचं कधी, हे सांगणारा माणूस त्यामुळे गावातच भेटे. किराणा दुकानातल्या बरणीला ते जमणं शक्य नाही.

कारण साध्या गोळ्याही बिनधोक नसतात. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मात्रा 4 ग्रॅम, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत तेच औषध असतं, त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेणाऱ्याची मात्रा नकळत दुप्पट होते नि घाला पडतो यकृतावर. दारू घेणाऱ्याला धोका अधिक. अंगदुखीची डायक्लोफेनॅक कायद्याने चिठ्ठीवरच मिळायला हवी. प्रत्यक्षात कापूस वेचून कंबर धरलेली बाई ती सहज मागते नि तिला सहज मिळते. वैशाखाच्या उन्हात शरीरातलं पाणी आटलेलं असताना हीच गोळी मूत्रपिंडाला इजा करते, उपाशीपोटी घेतली तर पोटात व्रण करते. तापलेल्या मुलाला अ‍ॅस्पिरिन तर देऊच नये.

2005 नंतर गावोगाव आशा कार्यकर्त्या आल्या. त्यांच्या पेटीत पॅरासिटामॉल आहे, ओआरएसची पाकिटं आहेत. हिवतापाची शंका आली तर आशा आधी बोटातून थेंबभर रक्त घेते.