टोस्ट

टोस्ट म्हणजे एकदा भाजून तयार झालेला पाव पुन्हा शेकून कुरकुरीत केलेला खाद्यपदार्थ. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे: तव्यावर किंवा यंत्रात शेकलेला पावाचा काप, आणि बेकरीत मिळणारा, चहात बुडवून खायचा कडक टोस्ट. गावोगावी 'खारी, टोस्ट, बटर' असे म्हणतात तेव्हा दुसराच अर्थ अभिप्रेत असतो.

व्युत्पत्ती

'टोस्ट' हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला. त्याचे मूळ लॅटिनमधील 'भाजणे, करपवणे' या अर्थाच्या धातूत आहे. 'बिस्किट' या शब्दाचाही मूळ अर्थ 'दोनदा भाजलेले' असाच आहे.

उगम

या पदार्थाचा एखादा जनक शोधणे व्यर्थ आहे. जॉर्डनमधील शुबैका येथे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या रोटीसदृश पदार्थाचे जळके अवशेष मिळाले आहेत. म्हणजे रोटी शेतीहूनही जुनी आहे. शिळा पाव वाया न घालवणे आणि प्रवासात टिकणारे अन्न जवळ असणे, या दोन गरजांतून तो पुन्हा भाजण्याची रीत ठिकठिकाणी पडली असावी. रोमन सैनिकांच्या शिध्यात अशी दोनदा भाजलेली कडक रोटी असे.

पाव शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे, असा समज आहे. ओलावा न गमावताही पाव शिळा होतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्ये दाखवून दिले. पिठातील स्टार्चची रचना थंड होताना बदलते व पाव ताठर होतो; उष्णतेने हा बदल बराचसा उलटतो. पावाचा पृष्ठभाग अधिक तापला की शर्करा व प्रथिनांचे घटक यांच्यात अभिक्रिया होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. तिचे वर्णन १९१२ मध्ये मायार यांनी केले.

महाराष्ट्र व गोवा

यीस्टचा पाव या भागात प्रामुख्याने पोर्तुगीजांमुळे रुजला. 'पाव' हा शब्दही त्यांचाच. गोव्यातील पोदेर मऊ पावाबरोबर बांगडीच्या आकाराचे कडक काकणही भाजतात. मुंबईच्या इराणी हॉटेलांत कडक कवचाचा ब्रून पाव मस्का लावून चहाबरोबर दिला जातो. बेकरीतील टोस्टसाठी लांबट पाव भाजून निववतात, त्याचे काप करून ते मंद आचेच्या भट्टीत पुन्हा वाळवतात. आजाऱ्याला चहा-टोस्ट देण्याची पद्धत घरोघरी आहे.

पाव येण्यापूर्वीही हे तंत्र इथे अपरिचित होते असे मानण्याचे कारण नाही. लोहारा तालुक्यातील सास्तूर ज्या ज्वारीच्या पट्ट्यात येते, त्या धाराशिव-सोलापूर भागात आणि लगतच्या उत्तर कर्नाटकात कडक भाकरी करतात. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसल्याने ते गव्हासारखे ताणले जात नाही. म्हणून गरम पाण्यात मळून भाकरी हातानेच थापावी लागते. ती पातळ थापून तव्यावर भाजतात आणि नंतर मंद आचेवर दाबून पार कोरडी करतात. ओलावा गेल्यामुळे बुरशीला वाव राहत नाही आणि भाकरी पुष्कळ दिवस टिकते. ती शेंगदाण्याच्या चटणीबरोबर किंवा आमटीत कुस्करून खातात. टोस्टच्या व्याख्येत ती काटेकोरपणे बसत नाही, कारण तिला मुळात यीस्ट नाही. पण टिकवण्याची युक्ती तीच. पूर्वी ही प्रवासाची आणि शेतावरची शिदोरी होती. आता महिला बचत गट तिची पाकिटे करून विकतात.

यंत्र

अमेरिकेत १९०९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा विजेवरचा टोस्टर बाजारात आला. आपोआप काप वर फेकणाऱ्या टोस्टरचे पेटंट चार्ल्स स्ट्राइट यांना १९२१ मध्ये मिळाले. १९२८ पासून यंत्राने कापलेला पाव विकला जाऊ लागल्यावर टोस्टरचा प्रसार झपाट्याने झाला. १८९३ मध्ये एका स्कॉटिश संशोधकाने टोस्टर शोधला, ही माहिती अनेक ठिकाणी आढळते. ती २०१२ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर गमतीने घातलेली थाप होती. पुढे वृत्तपत्रांनी व पुस्तकांनीही ती उचलली. २०२२ मध्ये ती उघडकीस आली.