'पासून' आणि 'आत'

हातखंबा कुठे? निवळीच्या पुढे, पालीच्या अलीकडे. या पुढे-अलीकडेला व्याकरणात शब्दयोगी अव्यय म्हणतात.

१८८७ साली झामेनहॉफने एस्पेरांतो भाषा रचली. नेमका शब्द ठरत नसेल तिथे वापरायला त्याने 'ये' हे मोघम अव्यय मुद्दाम ठेवलं. आपल्याकडे मालगुंडच्या केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त अव्ययांचा बारीक विचार केला. मराठीत एकच 'आत' घरालाही चालतो, मुदतीलाही.

मला हे आठवतं ते महामार्गामुळे. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात भूसंपादनावर हरकत घ्यायची ती अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांच्या आत. कागद आपल्या हातात पडल्यापासून नव्हे! म्हणून सांगतो मंडळी, नोटिशीत २१ हा आकडा बघण्याआधी 'कधीपासून' ते बघा. जमीन तिथेच जाते.