पालघरचा ‘ल’ कुठे गेला?

सातपाटीतला एक पोरगा मुंबईत ग्राफिक डिझायनिंग करतो. सध्याचा ट्रेंड काय, विचारलं तर म्हणाला, “काका, हाताने रंगवल्यासारखं अक्षर. जाड, थोडं वाकडं, जुन्या नाटकांच्या जाहिरातीसारखं.” मोबाईलवर पोस्टर दाखवलं. मोठं पापलेट, खाली सातपाटी, पालघर. झकास. फक्त ‘पालघर’मधला ल उभ्या दांडीचा, हिंदी वळणाचा. का रे? तर म्हणे, फॉन्टच तसा आहे.

मंडळी, या “फॉन्टच तसा आहे”मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

1869 साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या कारागिरांनी घडवलेले खिळे देशभर गाजले. छपाईत तेव्हा ‘मुंबई वळण’ आणि ‘कलकत्ता वळण’ असे सरळ दोन भाग होते. म्हणजे आपल्या अक्षराला गाव होतं, चेहरा होता. पुढे कमल शेडगे आले. नाटकाचं नाव असं काढायचे की अक्षरावरूनच नाटकाचा बाज कळावा. तो पोरगा ज्या जुन्या जाहिराती म्हणतो, त्यातल्या कितीतरी शेडग्यांच्या हातच्या.

आपल्याकडे हेच काम बोर्ड रंगवणारे पेंटर करायचे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर ओढल्या की नाळेवरची नावं पुन्हा रंगायची. मग फ्लेक्स आला. पेंटरचं काम गेलं ते लोकांची आवड बदलली म्हणून नाही. फ्लेक्स स्वस्त, आणि तासाभरात हातात.

कॉम्प्युटरवरही आधी बरं होतं. आम्ही बातम्या श्रीलिपीत टाईप करायचो, त्यात ल मराठीच यायचा. (त्या फाईली आज युनिकोडमध्ये उघडा, अक्षरांची खिचडी दिसेल. तो वेगळाच विषय.) विंडोज 2000 बरोबर ‘मंगल’ फॉन्ट घरोघरी पोचला. केला कोणी? आर. के. जोशींनी, म्हणजे मराठी कवी आणि मोठ्या सुलेखनकारानेच. पण तो हिंदी, मराठी, नेपाळी सगळ्यांसाठी होता, आणि त्यात ल, श हिंदी वळणाचे राहिले. तेच मोबाईलवर आलं. ही पोस्ट वाचताय ना, यातला ल नीट बघा.

राज्य सरकारने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठी रूपं ठरवून दिली. आपला जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. म्हणजे जिल्ह्याचे बोर्ड, कमानी, फ्लेक्स सगळे या निर्णयानंतरचे. तरी कितीतरी ठिकाणी नावातला ल दांडीचाच. पोरं शाळेत एक ल गिरवतात आणि नाक्यावर दुसरा वाचतात. हिंदीशी भांडण नाही, पण जिल्ह्याचं नाव तरी आपल्या वळणात असावं की नाही?

यात पैशाचा प्रश्नच नाही. एक टाईपच्या ‘मुक्ता’, ‘बलू’सारखे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. बऱ्याच नव्या फॉन्टमध्ये मराठी रूपं आत असतातच, सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘हिंदी’ऐवजी ‘मराठी’ निवडावी लागते. ग्रामपंचायत, सोसायट्या, मंडळं यांनी पुढच्या बोर्डाची ऑर्डर देताना कागदावर एक ओळ वाढवा: ल पाकळीचा, श देठाचा. आणि प्रूफ बघितल्याशिवाय प्रिंटला सोडू नका.