तालीम, गादी आणि हजेरी : सातारा-सांगली भागातील बंदिस्त व्यायामगृहांविषयी

पोलीसखात्याने तरुणांसाठी बंदिस्त क्रीडागृह बांधावे व तेथील शिक्षण स्वतःच चालवावे, ही कल्पना पाश्चात्त्य देशांत शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. इंग्लंडातील नॉर्विच शहरी तेथील पोलीसप्रमुख जॉन हेन्री डेन ह्यांनी १९१८ मध्ये मुलांचा क्लब काढला. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वुलूमुलू भागात १९३७ मध्ये पोलिसांनी असेच मंडळ उघडले. दोन्ही ठिकाणी मुष्टियुद्धाला मोठे स्थान होते. हीच कल्पना सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांच्या संदर्भात तपासावयाची झाल्यास एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावी लागते. ह्या भागात तरुणांना छपराखाली एकत्र आणणारी संस्था आधीपासून उभी होती, आणि तिच्याशी पोलिसांचे नाते दीर्घकाळ संशयाचे होते. ही संस्था म्हणजे तालीम.

‘तालीम’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. उर्दूत तो अर्थ आजही टिकून आहे. मराठीत मात्र त्याला दोन वेगळ्या वाटा फुटल्या : नाटकाची तालीम आणि पैलवानांची तालीम. शिकविणारा वस्ताद व शिकणारा पैलवान, हे दोन्ही शब्द फारसीतून आले. ‘आखाडा’ मात्र संस्कृत ‘अक्षवाट’ शब्दापासून निघालेला. नाव अरबी, गुरू फारसी आणि कोनाड्यात मारुती, हा संकर कोणालाच खटकला नाही, ह्यावरून ही संस्था लोकजीवनात किती खोल मुरली होती ते दिसते.

जुन्या तालमीची वास्तू अभ्यासण्यासारखी आहे. जाड भिंती, वाकून आत शिरावे लागेल असे ठेंगणे दार, घामेजल्या अंगाला वारा लागू नये म्हणून लहान खिडक्या, वर कौले, आणि मधोमध हौद. हौदातील तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, काव असे पदार्थ मिसळून ती मऊ राखीत. ती खोरून उलथीपालथी करणे हा व्यायामाचाच भाग असे. कोपऱ्यात करेलांच्या जोड्या, मल्लखांब आणि उचलण्याचे नाल. खर्च गल्लीच्या वर्गणीतून चाले व किल्लीही गल्लीतच राही. शासनाचा तिच्याशी संबंध असलाच तर आश्रयदात्याचा असे, चालकाचा नसे.

ब्रिटिश अंमलात ह्या स्वायत्ततेनेच तालीम संशयास्पद ठरली. १८९७ मध्ये पुण्यात रँडचा वध करणाऱ्या चापेकर बंधूंनी तरुणांचे व्यायाममंडळ काढले होते. बंगालमध्ये १९०२ साली स्थापन झालेली अनुशीलन समितीही आरंभी व्यायामाचीच संस्था होती. जोर-बैठकांच्या आड काय चालते, हा प्रश्न पोलीसखात्याला त्यानंतर सतत पडत राहिला, आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. सातारा जिल्ह्यात तर पुढे त्याला प्रत्यक्ष आधार मिळाला. नाना पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारच्या काळात कुंडल येथे तुफान सेना उभी राहिली व जी. डी. लाड ह्यांच्या देखरेखीखाली गावच्या तरुणांना शिस्तबद्ध शिक्षण मिळू लागले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या पिढीच्या दृष्टीने कसलेले शरीर आणि पोलीस हे दोन विरुद्ध पक्ष होते. (कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते, आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.)

संशयाचा दुसरा पदर अधिक कटू आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली. ज्या जमातींची नोंद झाली त्यांच्या माणसांना ठराविक वेळी अधिकाऱ्यासमोर हजेरी द्यावी लागे. शाळेत व तालमीत हजेरी म्हणजे उपस्थिती. ह्या लोकांच्या बोलण्यात मात्र तोच शब्द पाळतीचा वाचक झाला. कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. शब्द असा एका तारखेस रद्द होत नाही.

ह्याच भूप्रदेशात उलट दिशेचा एक प्रयोग झाला होता, व त्याचा विसर पडणे योग्य नव्हे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) ह्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. त्याच अधिपतीच्या काळात, १९३९ मध्ये, आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही बंदिवानांची खुली वसाहत सुरू झाली. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन ह्यांची प्रेरणा होती. कैद्यांनी भिंतीविना राहावे, शेती करावी, कुटुंबही जवळ ठेवावे, अशी ती योजना. १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा चित्रपट तीवरच बेतलेला. सत्तेने पाळतीऐवजी विश्वास पत्करला तर काय घडू शकते, ह्याचा हा स्थानिक दाखला नॉर्विचपेक्षा अधिक जवळचा आहे.

पोलीस व कुस्ती ह्यांचा सलोखा एका व्यक्तीत मूर्त झाला. कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे १९२६ मध्ये जन्मलेले खाशाबा जाधव मातीत वाढले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते प्रथमच गादीवर उतरले व आपल्या वजनगटात सहावे आले. जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीच्या प्रदर्शनगृहात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गुन्हेगार जमातींचा कायदा उठण्यास तेव्हा काही आठवडेच उरले होते. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. २०१० मध्ये दिल्लीतील बंदिस्त कुस्तीगृहास त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वरात मात्र प्रशिक्षणकेंद्र उभे राहत नाही, म्हणून २०१७ मध्ये कुटुंबीयांवर पदकाच्या लिलावाची भाषा करण्याची पाळी आली.

लंडन व हेलसिंकीचा खरा धडा वास्तुशास्त्राचा आहे. माती मोकळ्या मैदानातही चालते. गादीला कोरडी सपाट जमीन व पक्के छप्पर लागते. स्पर्धेच्या गादीवर ९ मीटर व्यासाचे वर्तुळ असते व सभोवारची पट्टी धरून १२ मीटर लांबी-रुंदी भरते. एवढी जागा मध्ये एकही खांब न घेता मोकळी ठेवणे जुन्या तालमीच्या लाकडी सांगाड्याला परवडणारे नव्हते. गल्लीची वर्गणीही तेथे अपुरी पडते. म्हणून मोठे क्रीडागृह हे शासनाचे, आणि शासनाच्या एखाद्या खात्याने युवकांसाठी ते चालवावयाचे ठरविल्यास प्रसंगी पोलिसांचेही, काम होऊन बसते.

अशा वेळी लोखंडी तुळयांच्या हिशेबापेक्षा दोन बाबी अधिक अवघड ठरतात. पहिली बाब वस्तादाची. त्याचा अधिकार कुस्तीतून येतो, हुद्द्यातून येत नाही. गणवेशातील शिक्षकाला तो नव्याने मिळवावा लागेल. खाशाबांसारख्याला तो आपोआप मिळाला असता, पण प्रत्येक ठाण्यात खाशाबा नसतो. दुसरी बाब हजेरीपुस्तकाची. मुलांची नावे व पत्ते असलेले ते पुस्तक क्रीडागृहात राहील की ठाण्यात जाईल, आणि परिसरात चोरी झाल्यावर ते कोण उघडील, हे इमारतीचा नकाशा मंजूर होण्यापूर्वीच लेखी ठरले पाहिजे. ज्या वस्तीत आजोबांनी हजेरी दिलेली आहे, तेथील बाप मुलाला पाठविण्यापूर्वी हेच विचारील.

तालमीच्या बाजूनेही एक उणीव नोंदविणे भाग आहे. तिचे ठेंगणे दार परंपरेने मुलींसाठी बंद होते. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तीत माती व गादी हे दोन्ही विभाग होते. त्यानंतर वर्षभराने, मार्च २०२३ मध्ये, महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत भरली व सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या क्रीडागृहाला मुलींना दाराबाहेर ठेवण्याची मुभा नाही, आणि जुन्या तालमीला जे जमले नाही ते तेथे पहिल्या दिवसापासून करता येते.