मुक्तांची बचत आणि बुडालेली बँक

बँक बुडते म्हणजे नेमके काय बुडते? इमारत बुडत नाही. मोठाली कर्जे उचलणारेही बहुधा तरून जातात. बुडते ती ठेवीदाराची बचत. आपला पैसा तिजोरीत आपल्या नावाने जपून ठेवलेला असतो, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. ती खरी नाही. ठेवलेला पैसा बँकेचा होतो, बँक तो दुसऱ्याला कर्जाऊ देते आणि ठेवीदाराच्या हाती उरते ते केवळ परतफेडीचे वचन. कायद्याच्या भाषेत ठेवीदार हा बँकेचा धनको असतो. वचन मोडले की तो धनकोंच्या रांगेत जाऊन उभा राहतो. ही रांग गरिबाच्या वाट्याला कशी येते, हे समजून घ्यायचे तर अमेरिकेतील फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेचा इतिहास पाहिला पाहिजे.

हा इतिहास आपल्याला परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. नेमक्या त्याच साली, कायद्याने मुक्त झालेल्या त्या गुलामांची बचत वॉशिंग्टनमध्ये धोक्यात आलेली होती. बेडी तुटल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिथेही होता आणि इथेही आहे.

३ मार्च १८६५ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी या बँकेच्या कायद्यावर सही केली. यादवी युद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांच्या पगाराची रक्कम सुरक्षित राहावी, म्हणून लष्कराच्या आश्रयाने काही छोट्या बचत बँका आधीच निघाल्या होत्या. जॉन अल्व्हर्ड या धर्मोपदेशकाने त्या कल्पनेला मोठे रूप दिले. पाच सेंटसुद्धा ठेव म्हणून चालत. धुणे धुणाऱ्या बाया, मजूर, शेतकरी, सैनिक, चर्चेस, परस्परसाह्य मंडळ्या अशा सर्वांनी खाती उघडली. ज्यांना काल बाजारात विकले जात होते, त्यांच्या नावाचे पासबुक निघाले. या घटनेचे मोल केवळ आर्थिक नव्हते. खाते उघडताना आईबापांची, भावंडांची, कधी पूर्वीच्या मालकाचीही नावे नोंदवली जात. विक्रीमुळे फाटलेल्या कुटुंबांचा माग आज त्यांचे वंशज याच नोंदवह्यांतून काढतात. पैसा गेला, नोंदी राहिल्या!

मूळ कायदा सावध होता. ठेवींपैकी किमान दोन तृतीयांश रक्कम सरकारी रोख्यांतच गुंतवायची, असे बंधन होते. परंतु दोन गोष्टी पहिल्यापासून घातक होत्या. एक, बँकेच्या कारभाऱ्यांना तिच्यात स्वतःची दमडीही गुंतवावी लागत नव्हती. दोन, ही बँक सरकारची आहे, सरकार तिच्या पाठीशी आहे, असा समज लोकांत पसरला आणि प्रचारकांनी तो पसरू दिला. लिंकनचे नाव, लष्करी अधिकाऱ्यांचा वावर, पुढे वॉशिंग्टनमध्ये खजिन्यासमोर उभी राहिलेली भव्य इमारत. एवढे पाहिल्यावर खेड्यातल्या माणसाने अविश्वास का दाखवावा? प्रत्यक्षात सरकारने एका सेंटचीही हमी घेतलेली नव्हती.

१८७० साली कायद्यात दुरुस्ती झाली. स्थावर मालमत्तेच्या तारणावर कर्जे देण्याची मुभा मिळाली आणि दार उघडले गेले. वित्त समितीची सूत्रे हेन्री कुक यांच्या हाती होती. प्रसिद्ध सावकारी पेढीचे मालक जे कुक यांचे ते भाऊ. दक्षिणेतल्या शाखांतून पैसा वॉशिंग्टनला वाहत गेला आणि तिथून कंत्राटदारांच्या, जमिनीच्या सट्टेबाजांच्या, संचालकांच्या मित्रमंडळींच्या खिशात गेला. तारण अपुरे, कित्येकदा नाममात्र. पैसा काळ्यांचा होता, कर्ज कोणाला द्यायचे हे ठरवणारे हात मात्र प्रामुख्याने गोऱ्यांचे होते.

सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुकची पेढी कोसळली आणि देशभर आर्थिक हाहाकार उडाला. ठेवीदार बँकेच्या दारात धावले. मार्च १८७४ मध्ये, बँक आतून पोखरून झाल्यावर, फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष करण्यात आले. स्वतः गुलामगिरीतून निसटलेला हा थोर नेता. त्यांनी पदरचे दहा हजार डॉलर बँकेला उसने दिले. पण आतले खरे रूप कळताच त्यांनी सिनेटच्या समितीला वस्तुस्थिती सांगितली. २९ जून १८७४ रोजी बँकेचे दार बंद झाले. एकसष्ट हजारांहून अधिक ठेवीदारांचे सुमारे तीस लाख डॉलर अडकले. लुटणारे आधीच निघून गेले होते. बुडत्या बँकेच्या पाटीवर नाव राहिले ते एका काळ्या माणसाचे. मोडकळीला आलेल्या घराची किल्ली दलिताच्या हाती द्यायची, आणि घर पडले की त्यालाच जबाबदार धरायचे, ही रीत आपल्या ओळखीची नाही काय?

मग ठेवींचे काय झाले? १८७५ मध्ये शेकडा २० मिळाले, १८७८ मध्ये १०, १८८० मध्ये १०, १८८२ मध्ये १५ आणि १८८३ मध्ये ७. बेरीज ६२. पन्नास डॉलर ठेवणाऱ्याला नऊ वर्षांत एकतीस डॉलर, तेही सगळे हप्ते त्याच्यापर्यंत पोचले तर. अनेकांची पासबुके हरवली होती, अनेक जण गाव सोडून गेले होते, कित्येक मेले होते. हजारोंना छदामही मिळाला नाही. भरपाईची विधेयके पुढे काँग्रेसमध्ये आली. एकही संमत झाले नाही. आणि काळ्यांना बचतीची सवयच नाही, असे म्हणणारे मात्र पुढे पुष्कळ निघाले. विश्वास आधी लुटायचा, मग अविश्वासाला जातीचा दुर्गुण ठरवायचे!

अमेरिकेत ठेवींचा विमा १९३४ पासून लागू झाला. भारतात १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा सरकारला जाग आली. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला, मर्यादा दीड हजार रुपये. १९९३ साली ती एक लाख झाली, २०२० साली पाच लाख. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना प्रथम फक्त हजार रुपये काढण्याची परवानगी होती. त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध लादल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली.

हे संरक्षण मोठे आहे, पण ते बँकांपुरते आहे. पतसंस्थांना ते लागू नाही. भिशीला नाही, दामदुपटीची आमिषे दाखवणाऱ्या खाजगी योजनांना नाही. आणि आपल्या वस्तीतली मोलकरीण, हमाल, सफाई कामगार आपली बचत पुष्कळदा तिथेच ठेवतात. कारण तिथला माणूस दारी येतो, ओळखीचा असतो, भिंतीवर आपल्या महापुरुषांच्या तसबिरी असतात. लिंकनच्या नावाने जे केले, ते तसबिरीही करू शकतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीत बचतीचा उपदेश करताना तिथेच थांबू नये. या ठेवीला विमा आहे का? कर्जे कोणाला जातात? ती मंजूर करणारे कोण? त्यांचा स्वतःचा पैसा त्यात किती आहे? हे चार प्रश्न विचारायला माणसांना शिकवावे. फ्रीडमन्स बँकेच्या ठेवीदारांना हे प्रश्न कोणी शिकवले नाहीत. त्यांना फक्त काटकसर शिकवली गेली.