पाठभेद

पोथी नकलून घेणाऱ्याच्या हाती ग्रंथ तर येईच, पण त्यासोबत भर घालण्याचा मोहही येई. कुठे अक्षर लागेना म्हणून ओळखीचा शब्द बसवला, कुठे चरण सुचला म्हणून ओवी वाढवली. ज्ञानेश्वरीचे असेच झाले. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथात तीनशे वर्षांत इतके अपपाठ शिरले, की पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये त्याची शुद्ध प्रत तयार केली. आणि तीत कोणी आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीदही दिली.

नाथांचे हे उपकार थोरच. परंतु वाचकहो, इतिहासाच्या अभ्यासकाला एक हुरहूर राहते. नाथांनी कोणती ओवी बदलली, कोणती गाळली आणि का, याची नोंद मागे उरली नाही. म्हणून नाथपूर्व पोथ्या धुंडाळणे भाग पडले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडकडे मिळालेल्या एका जुन्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. तरी अस्सल पाठ कोणता, हा वाद मिटला नाही. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले. आमचे नंदुरबार तेव्हा त्याच पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते.

हाच प्रश्न पुढे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना पडला. शेकडो माणसे देशोदेशी बसून एकच मजकूर लिहितात. मेळ कसा राहावा? लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांच्या मंडळींना या कामी वापरातले साधन २००५ साली फुकट मिळेनासे झाले. तेव्हा एप्रिलात त्यांनी स्वतःच ‘गिट’ रचले आणि सर्वांना खुले केले.

त्यातली युक्ती अशी. प्रत्येकाच्या घरी पोथीसोबत तिचा सारा इतिहासही नांदतो. फेरफार कोणी, केव्हा, कशासाठी केला, हे नोंदलेले असते. प्रत्येक नोंदीची खूण मजकुरावरून काढतात आणि तीत आधीच्या नोंदीची खूण गुंफतात. मागचे एक अक्षर गुपचूप बदलले, तर पुढच्या साऱ्या खुणा बदलतात. कोणी निराळी वाट धरली तर शाखा फुटते; ती मागाहून मूळ प्रवाहात मिळवता येते. मात्र दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली असेल, तर यंत्र थांबते आणि निवाडा माणसावर सोपवते.

गावोगाव प्रती होत्या म्हणून आपले ग्रंथ वाचले. त्यांत झालेल्या बदलांची हकीकत मात्र बरीचशी हरवली. म्हणूनच निबंध लिहिताना मी मुलांना सांगतो: चुकलेला शब्द एका रेघेने खोडा, खरवडू नका. खाली काय होते, ते वाचता आले पाहिजे.